त्यायलेच काऊन, मले काऊन नाही?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर राजेश्वरी टीचरचे. आई-वडिलांनी मला मजुरीवर न पाठवता शाळेत पाठवलं, ते ऋण वेगळंच. पण शाळेत गेलेल्या पोराचं पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. टीचरना ते ठाऊक होतं.

सातवीपर्यंत मी तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या गावात मराठीत शिकलो. आठवीला गुडीहत्नूरच्या शाळेत गेलो तर सगळं तेलुगूत. टीचर जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांची घरची भाषा तेलुगू, पण आमच्यासारख्या सीमेवरच्या पोरांसाठी त्या मोडकंतोडकं मराठी शिकल्या होत्या. प्रश्न विचारला की त्या गप्प बसायच्या. पुढच्या बाकावरचे हुशार हात वर करून उड्या मारायचे, त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत. सावकाश चालत मुलींच्या रांगेकडे जायच्या आणि कान पुढे करून उभ्या राहायच्या. मुली ओढणीतल्या ओढणीत काहीतरी पुटपुटायच्या. एकदा एक पोरगा ओरडला, "टीचर, तिला येत नाही!" टीचर वळल्या आणि म्हणाल्या, "मला ऐकू आला नाही बाबू. म्हणून तिला येत नाही, असा होत नाही."

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. पुढे समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि आदिलाबादला सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांना औषधं मिळतात त्या ठिकाणी, समुपदेशक म्हणून लागलो. आता या खुर्चीत बरीच वर्षं झाली. समुपदेशक म्हणजे काय असं गावात कोणी विचारलं तर आई सांगते, "तो दवाखान्यात बोलते." त्यावर लोक विचारतात, "बोलाचे पैसे भेटतेत?" मी हसतो. पण खरं सांगायचं तर मला बोलण्यापेक्षा थांबण्याचेच पैसे जास्त मिळतात, आणि ते काम मी टीचरकडून शिकलो.

या अंकाच्या वाचकांसाठी आमचं काम थोडं उलगडून सांगतो. टीबीचे जंतू आपल्यापैकी अनेकांच्या छातीत असतात आणि निजलेले असतात. शरीराचे पहारेकरी त्यांना उठू देत नाहीत. एचआयव्हीचा विषाणू नेमका त्या पहारेकऱ्यांनाच मारतो, म्हणून एचआयव्हीच्या माणसाला सगळ्यात मोठी भीती टीबीची. आमच्या गोळ्यांनी पहारेकरी हळूहळू परत कामावर येतात. शिवाय जंतू उठू नयेत म्हणून काही महिने एक वेगळी गोळी देतो, टीबी प्रतिबंधाची. आणि रुग्ण जेव्हा जेव्हा येईल तेव्हा चार प्रश्न विचारतो: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का.

हे प्रश्न सोपे वाटतात. पण आमचा एक ऑटोवाला गडी खोकत खोकत मला सांगायचा, "खोकला नाही सर, हे गळा साफ करनं हाये." दुसरे एक गृहस्थ चारही प्रश्नांना "हो" म्हणायचे, कारण "हो" म्हटलं की डॉक्टर मॅडम स्वतः छाती तपासतात हे त्यांनी ताडलं होतं. पुरुषांचं असं असतं, ते खोटंही मोठ्याने बोलतात. बायकांचं "नाही" मात्र एवढं हळू असतं, की ते "नाही" आहे की नुसता श्वास, हे कळत नाही.

आता शेवंताबाईंची गोष्ट. नाव खरं नाही आणि गावही मी सांगणार नाही. लिहू का, असं त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं आणि एकच अट घातली, "माह्या सासूले वाईट लिहू नका भाऊ." ती अट मी पाळतो आहे. तरी जे घडलं ते घडलं.

शेवंताबाईंचा नवरा नागोराव कापसाच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. दोघांनाही एचआयव्ही. गोळ्या दोघांच्याही आमच्याकडूनच. नागोरावला टीबी झाला, बरा झाला, पुन्हा झाला. दुसऱ्या खेपेला गोळ्या मधेच सोडल्या, बाटली सोडली नाही, आणि तो गेला. शेवंताबाईंना या सगळ्यात साधा खोकलाही झाला नाही. त्यांची सासू गिरजाबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माह्या पोराले खाऊन बसली. हिले काईच नाई, बघा. कशी टुणटुणीत हाये." हळूहळू गल्लीतल्या बायका शेवंताबाईंच्या हातचं पाणी टाळायला लागल्या. घर सासूचं होतं. माहेरी कोणी उरलं नव्हतं. पदरात शाळेत जाणारी एक मुलगी. घरातून काढलं तर कुठे जायचं, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

पण त्यांनी मला विचारला तो दुसराच.

"भाऊ, एका घरात झोपलो, एका ताटात जेवलो. ते बिमारी दोघालेबी हाये. मंग टीबी त्यायलेच काऊन, मले काऊन नाही?"

हा प्रश्न मोठमोठे शास्त्रज्ञही विचारतात, हे मला तेव्हा माहीत होतं. त्याचं उत्तर एका बाईला कसं द्यायचं ते माहीत नव्हतं.

थोड्याच दिवसांत हैदराबादहून एक डॉक्टरबाई आमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आल्या. त्यांनी रुग्णांच्या बैठकीतही बोलावं अशी आम्ही विनंती केली. मी मुद्दाम हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्या तेलुगूत बोलत होत्या, मी मराठीत सांगत होतो. त्या म्हणाल्या, सरकीचं एकच बी काळ्या रानात आणि मुरमाड रानात सारखं उगवत नाही. प्रत्येकाचं शरीर हे वेगळं रान आहे आणि त्या मातीतलं बरंचसं आई-बापाकडून आलेलं असतं. त्याला जनुकं म्हणतात. कोणाचे पहारेकरी जन्मतःच जागे, कोणाचे जरा डुलकी घेणारे. बाईचं आणि पुरुषाचं शरीरही या जंतूशी सारखं लढत नाही. टीबीच्या नोंदीत पुरुष जास्त दिसतात, त्यात थोडा शरीराचा भाग असेल, थोडा बिडीचा, दारूचा, धुळीचा. कशाचा किती, यावर जगभर अभ्यास चालू आहे. शेवटी त्यांनी बजावलं, "पण हे सगळं हजारो माणसांचं मिळून कळतं. एका माणसाकडे बघून, तुला होणार नाही, असं मी सांगू शकत नाही. म्हणून गोळी सगळ्यांनी घ्यायची."

मी हे शेवटचं वाक्यही सांगितलं, मोठ्याने सांगितलं. पण तोपर्यंत बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. रानाची गोष्ट त्यांच्यासोबत घरी गेली, शेवटचं वाक्य बैठकीच्या खोलीतच राहिलं.

शेवंताबाईंनी घरी जाऊन सासूला रानाची गोष्ट सांगितली. गिरजाबाई विचारात पडल्या. हैदराबादच्या डॉक्टरणीचं बोलणं, ते काही गल्लीतलं नव्हे. हळूहळू त्यांचं तोंड बंद झालं, मग उघडलं ते वेगळंच बोलायला: "डॉक्टरीण म्हणे, आमच्या सुनेचं रक्तच दमदार हाये. जलमाचं." पाण्याचा विटाळ संपला. सासू-सून एका चुलीपाशी बसून जेवायला लागल्या. हे सगळं शेवंताबाईंनी मला हसत सांगितलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्यांनी टीबी प्रतिबंधाच्या गोळ्यांची पाकिटं माझ्या टेबलावर तशीच परत ठेवली. "ज्या रानात तण उगवतच नाही भाऊ, तिथं निंदण कायले कराचं?"

मी समजावलं. आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. त्या मान हलवत राहिल्या. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र त्यांनी कधी चुकवल्या नाहीत, हे सांगायलाच हवं.

कापूस वेचणीचा हंगाम आला. त्या वेळी शेवंताबाई आल्या, वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि मी आकड्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. ब्लाउजच्या बाह्या हातावर सैल पडल्या होत्या. मी चार प्रश्न विचारले.

"खोकला?"

"नाई."

"ताप?"

"नाई."

"वजन घटलंय. रात्री घाम?"

"नाई म्हणलं ना भाऊ. वेचणीचं काम हाये, वजन घटंनच."

एवढं बोलताना त्यांच्या घशाशी काहीतरी आलं. त्यांनी ओठ मिटले, ते गिळलं, डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प बसलो. बाहेर रांग होती, नर्स दोनदा डोकावून गेली. तरी गप्प बसलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, "मले टीबी निघाला तं डॉक्टरणीचं बोलणं खोटं पडते भाऊ. मंग आत्याबाई पुन्हा सुरू होतीन. आता कुठं सुखानं दोन घास खाऊन राह्यलो आमी. पोरीले घेऊन मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, "आधी डबीत बेडका द्या. पुढचं पुढे बघू." त्या क्षणी मी ठरवलं, की या बाईला निदान झाल्याशिवाय सोडायचं नाही.

हे बोलायला सोपं आहे. प्रयोगशाळेतल्या अझीमभाईंनी डबी उजेडात धरली आणि मला हाक मारली. "भाई, ये तो थूक है. बलगम किधर है?" डबीत नुसती लाळ. लाळेत जंतू सापडत नाहीत, ते छातीतून वर आलेल्या बेडक्यात सापडतात. पुन्हा डबी दिली, पुन्हा लाळ. अझीमभाई वैतागून म्हणाले, "तुम्हारी सब बाईयाँ पानी देती हैं. मर्द को बोलो तो डब्बी भर के लाता है."

हे खरं होतं आणि मला त्याचं कारण माहीत होतं, कारण मी त्याच घरांमधला आहे. आमच्याकडे सकाळी पुरुष अंगणात येऊन असं खाकरतो की अर्धी गल्ली उठते. त्याच घरातली सून सासऱ्यासमोर, भासऱ्यासमोर म्हणजे थोरल्या दिरासमोर मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. खाकरणं, थुंकणं म्हणजे निर्लज्जपणा. माझ्या आईलाही मी कधी खाकरताना ऐकलेलं नाही. वर आलेलं गिळायचं, हे या बायका लग्नाआधीच शिकतात. मग नोंदवहीत पुरुषांचा टीबी जास्त दिसतो. त्यातला काही भाग जनुकांचा असेल, काही बाई-पुरुषाच्या शरीराचा, काही बिडीचा. पण काही भाग या गिळण्याचाही आहे, हे कुठल्या यंत्रात दिसणार?

एक्स-रे काढला. तो धड स्वच्छ नव्हता आणि धड टीबीचाही नव्हता. एचआयव्हीच्या रुग्णाचं असं बऱ्याचदा होतं. मॅडम म्हणाल्या, "मला नीट नमुना आणून द्या." मी शेवंताबाईंना डबी घरी दिली. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरायची, दीर्घ श्वास घ्यायचा, छातीतून खाकरायचं, मोकळ्या हवेत. करून दाखवलं. मी खाकरून दाखवत होतो आणि त्या पदर तोंडाला लावून लाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी डबी आली. अझीमभाई खूश. "वाह! ये हुई ना बात." दाट, पिवळट, हवा तसा नमुना. संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या मशीनने सांगितलं: टीबीचे जंतू आहेत.

मी शेवंताबाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, त्या एकदम उठून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"ते माहं नोहे भाऊ."

"म्हणजे?"

"तुमी लयच मागे लागले. माह्यानं खाकरनं होत नव्हतं. आत्याबाईले तं रोजच निघते, तमाकूचा. मी म्हणलं, आत्याबाई, दवाखान्यावाल्या भाऊले बेडका पायजे, तुमीच भरून द्या. चांगल्या माणसाचा गेला मंजे तुमचं समाधान होईन, माह्या मागचं सुटंन." त्या थांबल्या. "त्यायले हाये?"

अझीमभाई दारात उभे होते. त्यांच्या तोंडून फक्त "या अल्ला" एवढंच निघालं.

मी शेवंताबाईंसोबत त्यांच्या गावी गेलो. गिरजाबाई ओसरीवर कापसाच्या ढिगापाशी बसून त्यातला काडीकचरा वेचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भाऊ. भेटला का तुमचा बेडका? मीच देल्ला भरून. आमची सून लाजरी हाये."

मी त्यांना सांगितलं. सरळ सांगितलं, गोळ्यांनी हा बरा होतो हेही सांगितलं. त्यांचे हात कापसात तसेच राहिले.

"मले? मी तं काम करून राह्यली. जेवून राह्यली. हा तं तमाकूचा खोकला हाये, कितीक वर्साचा."

"असतं तसं काही जणांचं. तुमच्या शरीराने त्याला दाबून धरलं, म्हणून तुम्ही उभ्या राहिलात."

त्यांनी कापसातली एक काडी उचलून बाजूला ठेवली. मी थांबलो. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मंजे... माह्या नागोले माह्यापासून झाला का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ज्या खुर्चीत मी बसतो तिथे एकदा खोटं बोललं की पुढचं खरं कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, "ते कोणालाच सांगता येणार नाही, आजी. तुमच्याकडून त्याला, त्याच्याकडून तुम्हाला, की दोघांना बाहेरून, आता कळायला मार्ग नाही. आणि झाला असता तरी ते मुद्दाम केलेलं नाही."

शेवंताबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

"आता मी सांगू का गल्लीत? पोराले खाऊन बसली मनून? सांगू का, आत्याबाई?"

गिरजाबाईंनी मान वर केली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सांग. मी सांगतलं होतं, तूबी सांग."

शेवंताबाई काही सांगायला निघाल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. या वेळी ती गिळता येईना. त्या खांब धरून वाकल्या. उबळ ओसरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसरी डबी हाये का भाऊ?"

डबी माझ्या पिशवीत होतीच. त्या अंगणात गेल्या, कुंपणापाशी उभ्या राहिल्या, श्वास घेतला, आणि सवयीने पदर तोंडाला लावला. पलीकडच्या घरातला म्हातारा खाटेवर बसून बघत होता. त्यांच्याने होईना.

तेव्हा गिरजाबाई ओसरीवरून ओरडल्या, "पदर काढ वं तोंडावरचा! खाकर! जोरानं खाकर, मी काई म्हणत नाई." आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "काय पाहून राह्यले, मामा? तिकडं तोंड करा!"

सून खाकरली. अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. डबीत जे आलं ते खरं होतं, आणि मशीनने तेच सांगितलं जे मला वाटत होतं.

दोघींचे उपचार एकाच आठवड्यात सुरू झाले. टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी करतातच, गिरजाबाईंची केली, त्यांना एचआयव्ही निघाला नाही. नातीची तपासणी झाली आणि तिलाही प्रतिबंधाची गोळी सुरू झाली. रोज सकाळी सासू सुनेला आणि सून सासूला गोळी दाखवून गिळायची, असा त्यांनीच नियम केला. एकमेकींवर विश्वास नव्हता म्हणून, असं गिरजाबाई म्हणतात. दोघी बऱ्या झाल्या. घरातून कोणाला कोणी काढलं नाही.

एका छपराखाली तीन मोठी माणसं, जंतू बहुधा एकच. एकाला त्याने नेलं, एकीला वर्षानुवर्षं नुसतं खोकायला लावलं, एकीला बराच काळ हातच लावला नाही, आणि मग गाठलं. जनुकं किती, बाईपण किती, एचआयव्ही किती, बिडी आणि बाटली किती, याचं गणित मला येत नाही. ज्यांना येतं त्यांनी ते करावं, मनापासून वाटतं. माझ्या हातात आहे ते मी करतो. केंद्रामागे कडुलिंबाखाली फक्त बायकांसाठी एक मोकळा आडोसा केला आहे. तिथे शेवंताबाई येतात आणि नव्या बायकांना खाकरायला शिकवतात. अझीमभाई आता आतून ओरडतात, "भाई, आज डब्बी भारी है!" आडोसा आधी का केला नाही, ही खंत आहे. किती जणींच्या लाळेवरून आपण "टीबी नाही" म्हणून त्यांना घरी पाठवलं असेल, हा विचार आला की मी उठून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.

टीचर निवृत्त होऊन कोळसा खाणींच्या मंचेरियलला एकट्या राहतात. मी सणावारी फोन करतो. गेल्या वेळी बोलताना त्या दोनदा थांबल्या, घशाशी आलेलं गिळल्यासारख्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही रे बाबू, इथे कोळसाचा धूळ आहे." फोन ठेवल्यावर मी हे पत्र लिहिलं. फोनवर त्यांनी मला हसून गप्प केलं असतं, म्हणून लिहिलं.

"आदरणीय टीचर,

सादर नमस्कार.

मागच्या बाकावरून तुमच्याकडे बघत मी जे शिकलो, त्यावर माझं घर चालतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

तुम्ही आम्हाला प्रश्न विचारून वाट बघायचात. आज मी तुम्हाला चार विचारतो. खोकला किती दिवसांचा आहे? संध्याकाळी अंग तापतं का? साडीचा ब्लाउज सैल झाला आहे का? रात्री उशी ओली होते का? सावकाश उत्तर द्या. ओढणीत पुटपुटू नका, मला मंचेरियलहून ऐकू यायचं नाही. आणि मला ऐकू आलं नाही म्हणून तुम्हाला काही नाही, असं मी धरणार नाही.

रविवारी सकाळच्या बसने येतो आहे. सोबत एक डबी आणतो. तुम्हाला खाकरायला लाज वाटेल, तेव्हा मी पाठ करून उभा राहीन. आडव्या आलात तर आमच्या गिरजाबाईंना सोबत आणीन, त्या ओरडून खाकरायला लावतात.

ती कोळशाचीच धूळ आहे असं मशीनने सांगितलं, तर मी मान्य करीन. तुम्ही सांगितलं तर नाही.

तुमचा विद्यार्थी"